गॅस नाही, इंडक्शन नाही, किटलीपण नाही : डब्यात कडधान्याचं काय नेऊ? (व्हीगन)

बिनगॅसचा_बंटी

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर परिस्थिती अशी. वाकडला पीजीत राहतो. मालकीणबाईंनी खोलीत गॅस, इंडक्शन, किटली सगळ्याला बंदी घातलीये (माझ्या आधीच्या मुलाने मॅगी करताना अख्ख्या मजल्याची लाईट घालवली होती म्हणे, ती शिक्षा मी भोगतोय). फ्रिज आहे, पण सहा जणांत एक, आणि त्यात ठेवलेली वस्तू संध्याकाळी आपलीच असेल याची गॅरंटी नाही. जानेवारीपासून मी व्हीगन झालोय, म्हणजे दूध-दही-तूप-पनीर बंद. का झालो ते कृपया विचारू नका, तो वेगळा धागा होईल आणि दोनशे प्रतिसादांना जाईल. ऑफिसच्या कँटीनमध्ये भाजीत क्रीम, डाळीवर तूप, पोळीला तूप, आणि विचारलं की "सर थोडंच आहे".

म्हणून स्वतःचा डबा. अटी अशा की काही शिजवायचं नाही, पोटभरीला डाळ किंवा कडधान्यच हवं, सकाळी दहा मिनिटांच्या वर वेळ नाही आणि दुपारी एकपर्यंत बॅगेत टिकलं पाहिजे. सामान म्हणाल तर चाकू, किसणी, डबा, एक पंचा आणि एक मोठं पातेलं (का आणलं होतं माहीत नाही). मिक्सर नाही.

आतापर्यंत काय केलं तर हिरवे मूग रात्री भिजवले आणि दुसऱ्या दिवशी मीठ-लिंबू घालून खाल्ले. सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारच्या मीटिंगमध्ये माझ्या पोटाने स्वतंत्र प्रेझेंटेशन दिलं. वाचवा.

कैरीपन्हं

सगळ्यात सोपं म्हणजे मूगडाळीची कोशिंबीर. आख्खे मूग कशाला, पिवळी डाळ घ्या. ती रात्रभर भिजवावी लागतच नाही. सकाळी उठल्या उठल्या धुऊन पाण्यात टाकायची, तुमचं दात-अंघोळ-मोबाईल आटपेपर्यंत पाऊण तास जातोच, तोवर दाणा नखाने तुटायला लागतो. तेवढं पुरे, जास्त भिजली की पिठूळ लागते. निथळायची, त्यात काकडी कोचवून, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, लिंबू. मीठ मात्र पुडीत वेगळं न्यायचं आणि खाताना घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटून एक वाजता डब्यात तळं होतं. कर्नाटकात रामनवमीला हीच कोसंबरी प्रसाद म्हणून देतात. वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी दिली की झालं!

खवट_खोबरं

वरून काय दिली? धाग्याचं नाव परत वाचा बाई.

कैरीपन्हं

अहो फोडणी म्हणजे काही स्वयंपाक नव्हे.

खवट_खोबरं

गॅस पेटवला, तेल तापवलं, मोहरी तडतडली, एक्झॉस्ट लावला. याला स्वयंपाक नाही म्हणायचं तर काय, सत्यनारायण?

पॉपकॉर्नवाला

दोन खुर्च्या मांडल्यात. कोणाला यायचंय?

कैरीपन्हं

शिजवणं वेगळं आणि फोडणी वेगळी. चैत्रगौरीच्या आंबेडाळीला आम्ही "कच्ची डाळ"च म्हणतो आणि तिला फोडणी असतेच. हरभऱ्याची डाळ कच्ची, कैरी कच्ची, खोबरं कच्चं. आता फोडणी आहे म्हणून काय ती शिजवलेली झाली?

प्राचीन_आयडी

इथे 2009 साली "थालीपीठ तळलेलं की भाजलेलं" यावर धागा पेटला होता, त्याची आठवण झाली. त्यातले निम्मे लोक अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

अंजूताई

फोडणीवरून भांडू नका, फोडणी उधार आणता येते. कशी ते शेवटी सांगते.

अरे बंटी, तू भिजवण्याच्या मागे लागलायस तिथेच गडबड आहे. न शिजवता खायची कडधान्यं आपल्या घरांत पूर्वीपासून आहेत, पण ती भिजवलेली थोडी आणि भाजलेली जास्त. मेतकूट, डांगर, सातूचं पीठ, पंढरपुरी डाळं, फुटाणे, शेंगदाणे. यांचा विस्तव आधीच कोणीतरी करून ठेवलेला असतो, आपण फक्त कालवायचं. माझी आजी उन्हाळ्यात दुपारी चूल पेटवायची नाही, आणि आम्ही नऊ माणसं उपाशी राहिलो असं काही झालं नाही.

तुझ्यासाठी पहिला नंबर उडदाच्या डांगराचा. उडदाची डाळ भाजून धणे-जिरे-मिऱ्याबरोबर दळलेलं पीठ, कुठल्याही घरगुती मसाले-पापडवाल्यांकडे पाकिटात मिळतं. दोन मोठे चमचे पीठ घे, मीठ-तिखट घाल आणि पाणी थोडं थोडं ओतत बोटाने फेटल्यासारखं कालव. एकदम पाणी घातलंस तर गुठळ्या होतात, आणि उडदाची गुठळी दाताखाली आली की दिवसभर विसरत नाही. दह्याऐवजी लिंबू पिळ नाहीतर आमसुलाचं आगळ घाल, रंगही सुंदर येतो. त्यात बारीक चिरलेला कांदा भरपूर. आता महत्त्वाचं, सकाळी ते तुला पातळ वाटेल, कढीसारखं, आणि तू घाबरून अजून पीठ घालशील. घालू नकोस! डांगर पाणी पितं. दुपारी डबा उघडशील तेव्हा चमचा उभा राहील इतकं घट्ट झालेलं असतं. पोळीभाजीवाल्याकडून दोन भाकऱ्या उचल (तूप नको म्हणून सांग) नि खा.

फोडणीचं असं की रविवारी कुठे मावशी-आत्या असतील त्यांच्याकडे जा. अर्धी वाटी तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईस्तोवर, गार कर, कोरड्या काचेच्या बाटलीत भर. आठवडाभर चमचा चमचा घाल. खवटराव, खोलीत काही पेटलं नाही, आता तरी चालेल का?

खवट_खोबरं

चालेल. पण मी ते मनातून मान्य केलंय असं समजू नका.

वऱ्हाडीबाणा

आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा, त्यामुळे "डांगर पाणी पितं" वाचून पाच मिनिटं मी भोपळ्याला पाणी पाजत होतो.

शेंगाचटणी

आणि पापडाचं पीठ भिजवून कुटतात त्यालाही डांगरच म्हणतात, तेलात बुडवून लाट्या खायच्या. लहानपणी पापड लाटायला बसवलं की निम्म्या लाट्या पोटात जायच्या. तेही कच्चंच की! पण डबा म्हणून नेऊ नको, पापडखाराने घसा धरेल.

बरं आता सोलापूरचा डबा ऐक. ज्वारीची कडक भाकरी पाकिटात मिळते, पापडासारखी पातळ आणि खडखडीत, कितीतरी दिवस टिकते. डब्यात चुरायची, मूठभर मोडाची मटकी, कांदा, वर शेंगा चटणी चांगली दोन-तीन चमचे आणि कच्चं करडईचं तेल. खायच्या आधी पाच मिनिटं लिंबू पिळून झाकून ठेव. चटणी मात्र उखळात कुटलेली, तेल सुटलेली, गोळा होणारी घे. मिक्सरवर भुरभुरीत केलेली असते तिला आम्ही चटणी म्हणत नाही, शेंगादाण्याचा कूट म्हणतो आणि उपासाला वापरतो.

डंबेल_देशपांडे

शेंगदाणे नट आहेत हो, कडधान्य नाही. धागा कडधान्यावर आहे.

शेंगाचटणी

भुईमूग. नावातच मूग आहे. जमिनीखाली येते म्हणून काय शेंग शेंग राहत नाही? हरभऱ्याच्याच कुळातली आहे, मुळांवर गाठी असतात, नत्र धरते. बदामाच्या मुळावर गाठी दाखव बघू.

डंबेल_देशपांडे

बरं बाबा. पण प्रोटीनचं बोलायचं तर मोडाच्या वाटीत वाटतं तितकं नसतं. मोड आले की त्यात पाणीच जास्त. लोक वाटीभर स्प्राऊट खातात आणि समजतात झालं. 100 ग्रॅम कोरड्या मुगात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, शेंगदाण्यात 25-26, फुटाण्यात 20 च्या आसपास. म्हणून हिशोब नेहमी कोरड्या धान्यावर करायचा, भिजून फुगलेल्यावर नाही. बंटीने डब्यात कोरडे 50 ग्रॅम मूग धरले तर 12 ग्रॅम, त्यावर मूठभर शेंगदाणे म्हणजे अजून 7 पर्यंत. एका जेवणाला ठीक आहे. आणि बी-12 कुठल्याच डाळीत नसतं हे लक्षात ठेव, त्याची गोळी घे, काही वर्षांनी पायाला मुंग्या आल्यावर इथे धागा काढू नकोस.

मुंबईची_मटकी

मोड प्रकरणावर सावध करते. जुलै महिना, मटकी पंच्यात बांधून खुंटीला टांगली आणि लोकल बंद पडली म्हणून दोन दिवस मैत्रिणीकडेच राहिले. परत आले तर जिन्यापासून वास. आधी वाटलं खालच्यांचं मासे सुकवणं चाललंय. पंचा सोडला तर आत बुळबुळीत तारा सुटलेल्या, आणि पंचा तो फेकूनच द्यावा लागला. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पंचा कुठला होता?" मी नाही हो, पंचा.

डॉक्टरीणबाई

त्या वासावरूनच येते. कच्चे मोड चांगले असतात, क जीवनसत्त्व तयार होतं, लोह अंगी लागायला मदत होते वगैरे सगळं खरं, पण उबदार, ओलं, अंधारं आणि झाकलेलं ही जंतू वाढवायची रीतच आहे. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांवरून ई. कोलायची मोठी साथ आली होती, पन्नासवर माणसं गेली. बियांच्या भेगांत जंतू बसले असतील तर वरून धुऊन ते जात नाहीत. म्हणून घाबरा असं नाही. पण दर सात-आठ तासांनी धान्य धुवा, मोड दाण्याच्या लांबीएवढा आला की खाऊन टाका, गाजरासारखे कोंब लांबवत बसू नका, आणि जरा जरी आंबूस किंवा बुळबुळीत लागलं तर सरळ फेका. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, किमो चालू असलेले यांनी मोड वाफवूनच खावेत. बंटीच्या वयात तब्येत धड असेल तर चालेल, पण पीजीचा फ्रिज बेभरवशाचा असेल तर उन्हाळ्यात मोडांपेक्षा अंजूताईंचा भाजलेला मार्ग मला जास्त पटतो.

अजून एक, फोडणीच्या बाटलीत लसूण घालू नका. तेलात बुडालेला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं.

बिनगॅसचा_बंटी

एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. डांगर आणलं. सकाळी घाबरून अजून एक चमचा पीठ घातलंच. दुपारी डब्यातून सुरीने कापून खाल्लं.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), एक कल्पना आलीये. मित्राने राजमा दिलाय अर्धा किलो, घरून आलेला. रात्रभर भिजवून सॅलडमध्ये टाकला तर? दिसायला मस्त लाल लाल.

डॉक्टरीणबाई

नको!!!

घाटावरची

नको रे बाबा. मी केलंय. लग्नाआधी एकटी राहायचे तेव्हा कुठेतरी सॅलडचा फोटो बघून भिजवलेला राजमा, कांदा, टोमॅटो, वर मिरपूड. कचकचीत लागला, म्हटलं हेल्दी असंच लागत असणार. दोन-अडीच तासांनी जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. बाथरूमच्या फरशीवर टेकून बसले होते आणि समोरच्या टाइल्सवर किती फुलं आहेत ते अजून पाठ आहे. चौऱ्याहत्तर.

डॉक्टरीणबाई

त्या फुलांची कारणमीमांसा अशी. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, कच्चे चार-पाच दाणेही उलट्या करायला पुरतात. भिजवून ते जात नाही. भिजवायचं, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचं, दहा मिनिटं तर किमानच, अर्धा तास उत्तम. मंद आचेवर अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षा वाईट ठरू शकतो, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी ओतून ठेवण्याच्या युक्त्याही राजम्याला लावू नका. पावटे, डबल बी वगैरेही कच्चे खायचे नाहीत. कच्चं खायचं तर मूग, मटकी, हरभरा आणि ओला मटार यांच्यापुढे जाऊ नका.

मधुरा_एडिसन

इकडून न्यू जर्सीतून लिहितेय. इथे या सगळ्यावर उत्तर म्हणजे डबा. म्हणजे टिनचा डबा. छोले, राजमा, काळा घेवडा, सगळं शिजवूनच बंद केलेलं असतं, त्यामुळे टिनमधला राजमा थेट खाल्ला तरी चालतो. छोले निथळून, नळाखाली दोनदा धुऊन (ते पाणी खारट असतं), काट्याने अर्धवट ठेचायचे, त्यात कांदा, लोणच्याचा खार एक चमचा, कोथिंबीर. लोणच्याचा खार ही माझी स्वतःची भर आहे, माझ्या ऑफिसातला एक लेबनीज माणूस म्हणतो हे हम्मस नाही. मी म्हटलं बरोबर, हे हम्मस नाहीच, हे मिक्सर नसलेल्या बाईचं जेवण आहे. वरून कच्चं तेल. बंटी, पुण्यातही मोठ्या दुकानांत टिनचे छोले मिळतात, पण किंमत बघून तुला परत मूग आठवतील.

खवट_खोबरं

टिनमध्ये शिजवलेलं चालतं आणि बाटलीत फोडलेलं चालतं. मग सरळ आईने शिजवून दिलेली उसळ का नाही चालत? तीसुद्धा "आधीच कोणीतरी केलेला विस्तव" आहे.

अंजूताई

आई वाकडला राहत नाही म्हणून.

पॉपकॉर्नवाला

खुर्ची मोडली.

सातारी_जैन

अवांतर आहे पण गंमत म्हणून लिहितो. आमच्याकडे द्विदल पाळतात, म्हणजे कच्चं दही-ताक आणि डाळ एकत्र खायचं नाही. त्यामुळे आजीच्या हातच्या मूगडाळीच्या कोशिंबिरीत दही कधीच नसायचं, लिंबू असायचं किंवा कैरी. डांगर कालवायचं तर आमसुलाच्या पाण्यातच. कांदा-लसूणही नाही. बंटीने जानेवारीत जे सुरू केलं त्यातला थोडा भाग आजी आयुष्यभर करत होती, आणि तिला कोणी व्हीगन म्हणालं असतं तर तिने विचारलं असतं कुठल्या गावचे? (चहा मात्र दुधाचाच, आणि घट्ट.)

पर्युषणात हिरवंही बंद असतं तेव्हा मी डब्यात पंढरपुरी डाळं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, गूळ नेतो. पाणी प्यायलं की चार वाजेपर्यंत भूक लागत नाही. शाळेतल्या मुलांनी नाव ठेवलं होतं "घोड्याचा डबा".

वऱ्हाडीबाणा

घोड्याच्या डब्यावरून आठवलं. कच्चा हरभरा खावा तर डिसेंबर-जानेवारीत वावरात, डहाळे उपटून, घाटे फोडून, दोन दाणे तोंडात एक खिशात. पण दाण्यापेक्षा आंब. हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार येतो, पहाटे दव पडलं की त्यात तो उतरतो. माझी आजी धुतलेलं पांढरं लुगडं पहाटे हरभऱ्यावरून फिरवून आणायची, ओलं झालं की पितळीत पिळायची. ती आंब बाटलीत भरून ठेवायची आणि पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून. इतकी आंबट की कान हलायचे. आम्ही पोरं शर्ट काढून पिकात लोळायचो आणि मग शर्ट चोखायचो. धुतलेल्या लुगड्याचा नियम आम्हाला लागू नव्हता.

डब्यासाठी : सातूचं पीठ. खरं सातू म्हणजे जव, पण आमच्याकडे गहू आणि डाळं भाजून दळतात, बिहारचा सत्तू नुसता भाजक्या हरभऱ्याचा. बंटीला डाळ हवी तर सत्तू बरा. पाण्यात कालवायचा, कांदा, मिरची, लिंबू, काळं मीठ, आणि वरून लोणच्याचं तेल. घट्ट मळून गोळे केले तर डबा, पातळ केला तर प्यायचं. पुण्यात बांधकामावरचे बिहारी लोक दुपारी हेच खातात, पातेलंही लागत नाही, ताटातच मळतात.

कैरीपन्हं

आणि दडपे पोहे कसे कोणाला आठवले नाहीत? पातळ पोहे, ओलं खोबरं, नारळ फोडल्यावर निघालेलं पाणी, कांदा, लिंबू, चिमूटभर साखर, हाताने चोळून वर ताट दडपून ठेवायचं. त्यात भिजवलेली मूगडाळ आणि शेंगदाणे घातले की कडधान्याची अट पूर्ण. पोहे धुवायचे नाहीत, खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलाव्यानेच ते मऊ होतात. डब्यात तर आपोआप दडपले जातात, झाकणच ताट. फोडणी... बाटलीतली.

मुंबईची_मटकी

खोबरं दुपारपर्यंत टिकेल का पण? एप्रिलमध्ये?

कैरीपन्हं

खवलेलं ताजं असेल आणि लिंबू नीट पिळलं असेल तर एकपर्यंत टिकतं. शंका असेल तर उन्हाळ्यात सुकं खोबरं घ्या, किंवा खोबरं सोडून मेतकूट लावा. पातळ पोहे, मेतकूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, कांदा. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असतेच.

डंबेल_देशपांडे

मेतकूट-पोहे म्हणजे कार्ब्स.

कैरीपन्हं

तुमच्यासाठी वेगळी वाटी शेंगदाणे ठेवलीये.

घाटावरची

पोटाच्या तक्रारीवर कोणी बोललंच नाही, मूळ रडगाणं तेच होतं ना. तीन गोष्टी मला लागू पडल्या. भिजवलेलं पाणी फेकायचं, कितीही कोणी "त्यात सत्त्व असतं" म्हणालं तरी. आख्ख्या मुगाऐवजी सोललेली डाळ, सालांनी जास्त फुगतं. आणि पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच, पोटाला सवय लागू द्यायची. हिंग-ओवा वरून चोळून घालते, त्याने कितपत फरक पडतो कोण जाणे पण वासाने निम्मं बरं वाटतं. आणि चावायचं. मीटिंग आहे म्हणून चार घासात डबा संपवला की मग प्रेझेंटेशन होणारच.

प्राचीन_आयडी

चावताना मटकीतले गणंग सांभाळा. भिजतही नाहीत, मोडही येत नाही, नुसते खडे. एका गणंगाने माझी दाढ गेली, डेंटिस्टने विचारलं काय चावलंत, मी म्हटलं हेल्दी खात होतो.

शेंगाचटणी

आम्ही कुचर म्हणतो. भिजल्यावर पाणी घालून ताट हलवायचं, न फुगलेले तळाशी खडखडतात, वेचून काढायचे.

पॉपकॉर्नवाला

आमच्या ऑफिसातही आहेत दोघं. वर्षानुवर्षं भिजत घातलेत.

बिनगॅसचा_बंटी

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व पण रिपोर्ट द्यायला हवा.

सोमवारी डांगर (आता पातळच ठेवतो, ताई), मंगळवारी सोलापुरी चुरा, बुधवारी कोशिंबीर, गुरुवारी सत्तूचे गोळे, शुक्रवारी दडपे किंवा मेतकूट-पोहे जे जमेल ते. मोडाची मटकी मंडईच्या बाजूला एका मावशींकडून सुटी घेतो, त्या शंभर ग्रॅम मागितले की हसतात आणि अडीचशे देतात. सकाळी खरंच दहा मिनिटं लागतात, कांदा चिरण्यात सहा. राजमा मित्राला परत केला, टाइल्सची गोष्ट सांगून. बी-12 सुरू केलंय. पोट शांत आहे, गेल्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये फक्त मीच बोललो.

सत्तूच्या गोळ्यांना मात्र ऑफिसात कोणी हात लावत नाही. दिसायला सिमेंटसारखे होतात. चवीला मला आवडले.

फोडणीची बाटली आत्याकडून आणली होती. पहिला आठवडा मस्त. दुसऱ्या सोमवारी बसमध्ये बॅगेत झाकण सैल झालं आणि लॅपटॉपच्या चार्जरला, वहीला, आयडी कार्डच्या पट्ट्याला फोडणी बसली. चार्जर चालतोय. आयडी कार्ड गेटवर दाखवलं की सिक्युरिटीचे काका आता "काय बेत आज?" विचारतात. आणि संध्याकाळी खोलीत पाऊल टाकलं तर मालकीणबाई वर आल्या, नाक वर करून, "कोणी गॅस आणलाय?" खोलीभर शोधलं. पलंगाखाली बघितलं. शेवटी बॅग उघडून दाखवली. हुंगून म्हणाल्या, हिंग कुठला आहे?

खवट_खोबरं

म्हणजे मालकीणबाईंच्याही मते फोडणी हा स्वयंपाकच. केस क्लोज.

कैरीपन्हं

त्यांनी हिंग विचारला, गॅस नाही सापडला. नीट वाचा.

अंजूताई

बाटली काचेची सांगितली होती, फिरकीच्या झाकणाची. कुठली घेतलीस?

बिनगॅसचा_बंटी

खोकल्याच्या औषधाची होती ताई. धुतली होती नीट.